पल्याडच्या सेकंदाचा आठवा हिस्सा

माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या थोरल्या भावाने नवऱ्या मुलाच्या मामाचा जबडा मोडला, नवरीने भावाचं नाक फोडलं आणि भाऊ मंडपातून थेट सात वर्षांसाठी आत गेला.

पण असं काही झालं नाही, असं आपण धरून चालू. लग्न छान झालं. मठ्ठा गार होता, जिलेबी गरम होती. याच्या उलट कुणी सांगत असेल तर तो पेठेतला असणार.

आमचं गाव भोकरखेड. मधून नदी जाते. नदीच्या एका काठावर नगरपालिका, कोर्ट, बाजार, दवाखाना आणि सभ्य माणसं राहतात. त्या भागाला पेठ म्हणतात. दुसऱ्या काठावर आम्ही राहतो. त्याला पल्याड म्हणतात. आम्हीसुद्धा पल्याडच म्हणतो, स्वतःच्या घरात बसून.

पहिल्या फटक्याचा कायदा आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याआधी मारामारीच्या खटल्यात पहिला हात कुणी उचलला यावर वर्षानुवर्षं साक्षी चालायच्या आणि प्रत्येक साक्षीदार ‘त्याने’ म्हणून वेगळ्याच दिशेला बोट दाखवायचा. सरकार कंटाळलं. त्याने सगळ्यांच्या मनगटात एकेक कडं घातलं. कड्याला हाताचा वेग कळतो, समोरच्याला दणका बसला ते कळतं आणि तो क्षण ते नोंदवून ठेवतं. दोघांचे हात चालले की दोन्ही कडी आपापले क्षण ताडून बघतात. ज्याचा फटका आधीचा त्याचं कडं लाल, दुसऱ्याचं हिरवं. लाल झालेल्याने हात खाली सोडून उभं राहायचं. हिरव्याला एक मिनिट मिळतं. त्या मिनिटात तो लालला हवं तसं हाणू शकतो, फक्त हत्यार नको आणि जीव जाता कामा नये. हिरवा बेशुद्ध पडला असेल तर हजर नातलगांपैकी जो आधी त्याच्या कड्यावर बोट ठेवेल त्याला मिनिट मिळतं. फटके मात्र सणसणीत बसले पाहिजेत. हलके वाटले तर कडं मिनिट काढून घेतं आणि पुढच्या नातलगाला देतं. तीनदा लाल झालात की सात वर्षं आत.

यामुळे समाजात शांतता नांदेल अशी अपेक्षा होती. झालं असं, की माणसं बाजारात गाल पुढे करून फिरायला लागली. दुसऱ्याला पहिला फटका कसा मारायला लावावा, याचे क्लास निघाले. पेठेतल्या एका क्लासच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘शिवी शुद्ध असावी’.

मग लग्नसराई आली. कड्याला अक्षता आणि थप्पड यातला फरक कळेना. हात वेगाने पुढे येतो आणि समोरच्याला काहीतरी लागतं, एवढंच त्याला समजायचं. पहिल्याच मुहूर्ताला अख्खं वऱ्हाड लाल झालं आणि नवरा-नवरीला माणशी एकेक मिनिट मिळालं. त्यांनी ती सगळी माफ केली म्हणतात. नवरीने काही आत्यांची राखून ठेवली होती असंही म्हणतात.

म्हणून सरकारने सूट दिली. मुहूर्ताच्या क्षणापासून पाच सेकंद मंडपातली सगळी कडी झोपतात. त्या पाच सेकंदांत जे होईल ते आशीर्वाद म्हणून धरायचं.

लोकांना हे समजायला एक लग्न पुरलं. तेव्हापासून निमंत्रण कुणी नाकारत नाही. वैर असेल तर आग्रहाने बोलावतात. डाव्या हातात अक्षता आणि उजवा हात मोकळा, हा आता शिष्टाचार आहे. आमचे गुरुजी हेल्मेट घालून मंगलाष्टकं म्हणतात; काच वर केल्याशिवाय ‘सावधान’ नीट ऐकू येत नाही.

वडिलांनी आम्हा दोघा भावांची नावं सेनापतींची ठेवली. दादाचं संताजी, माझं हंबीर. दादाने वेल्डिंगचं वर्कशॉप टाकलं आणि त्याची मनगटं माझ्या पोटऱ्यांएवढी झाली. मी काळकचेरीत सहायक म्हणून लागलो. कचेरीचं खरं नाव मोठं आहे, पण गाव काळकचेरीच म्हणतं. गावातल्या सगळ्या कड्यांची घड्याळं एकसारखी चालतात की नाही हे बघायचं, एवढंच आमचं काम.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढे दात पडणार आहेत ते याच्यामुळेच.

मुख्य घड्याळ पेठेत, कचेरीच्या तळघरात. पल्याडला पुलाच्या टोकाशी एक पेटी आहे. पल्याडची सगळी कडी तिच्याकडून वेळ घेतात आणि ती पेटी मुख्य घड्याळाकडून. ती केबलीतून विचारते, किती वाजले? घड्याळ उत्तर पाठवतं. पण उत्तर पोचेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. म्हणून पेटी प्रश्न सोडल्यापासून उत्तर हाती येईपर्यंतचा सगळा वेळ मोजते आणि त्याचा निम्मा धरते. निम्मा जायला, निम्मा यायला. आलेल्या वेळेत तो निम्मा मिळवला की झालं. जगातलं सगळं वेळजुळणीचं सॉफ्टवेअर मुळात असंच चालतं. जाणं आणि येणं सारखंच असणार, या विश्वासावर.

केबलीत दोन तंतू असतात, एक जायचा आणि एक यायचा. चार वर्षांपूर्वी नगरपालिकेने गटारीसाठी पुलाचं तोंड खणलं आणि दोन्ही तोडले. ठेकेदाराच्या माणसांनी जायचा तंतू जोडला. मग ती जेवायला गेली. यायच्या तंतूसाठी ‘तात्पुरती सोय’ म्हणून सॅटेलाइटचा रस्ता दिला. तेव्हापासून पल्याडचा प्रश्न पुलावरून पटकन जातो आणि उत्तर आकाशात हजारो मैल चढून पुन्हा उतरतं. त्यात पाव सेकंद जातो. पेटी बिचारी त्याचाही निम्मा करते. अर्धा रस्ता आकाशातून आहे हे तिला कळायचा काही मार्गच नाही. परिणामी पल्याडचं घड्याळ सेकंदाचा आठवा हिस्सा कायम मागे.

आठवा हिस्सा म्हणजे काहीच नाही. बसची वेळ चुकत नाही, दूध उतू जात नाही. पण पेठेतल्या माणसाने हाणलं आणि आमच्या माणसाने त्याच दमात उलट हाणलं, तर आमच्या कड्यावरचा क्षण पेठेतल्याच्या आधीचा पडतो. चार वर्षं प्रत्येक मारामारीत पल्याड लाल. बाजारात आमची माणसं हात पाठीमागे गमज्याने बांधून भाजी घ्यायला लागली. भाजीवाली पिशवी गळ्यात अडकवते.

हे मला सापडलं तेव्हा मी काळाधिकारी रणदिवे मॅडमकडे गेलो.

“भोइटे, तुम्ही पल्याडचे ना?” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“मग तुम्हाला असं वाटणारच. पल्याडचे लोक तापट आहेत, हे आकड्यांवरून सिद्ध झालंय.”

“मॅडम, ते आकडे याच घड्याळावरून आलेत.”

“बघा. म्हणजे घड्याळ बरोबर आहे. आकडे जुळतायत की.”

मी दर महिन्याला विनंती करत राहिलो. त्या दर महिन्याला ‘बघू’ म्हणत राहिल्या. त्यांचं मन वाईट नव्हतं. मनातून काही बाहेर येत नव्हतं, इतकंच.

मला घाई होती ती दादासाठी. त्याचे दोन लाल झाले होते. दोन्ही वेळा समोर एकच माणूस होता, पेठेतला धैर्यशील मामा. सगळी पेठ त्याला मामाच म्हणायची. पहिल्यांदा बाजारात गाडी लावण्यावरून. मामाने दादाच्या कानाखाली काढली, दादाचा हात त्याच दमात गेला, दादा लाल. मामाने ते मिनिट चवीचवीने वापरलं. दादाचे समोरचे दोन दात पडले आणि मामाने ते उचलून त्याच्याच शर्टाच्या खिशात घातले. खिशाचं बटणही लावलं. दुसऱ्यांदा पेट्रोलपंपावर. तेव्हा दोन बरगड्या गेल्या.

आणि आमच्या शरूचं, म्हणजे शर्वाणीचं, ठरलं ते याच मामाच्या सख्ख्या भाच्याशी. ओजस नाव. मुलगा गरीब. क्लासला जाऊनसुद्धा त्याला शिवी देता येत नव्हती.

वर्कशॉपात जाऊन मी दादाला सगळं सांगितलं.

“तुझे दोन्ही लाल खोटे आहेत, दादा.”

“मला काय सांगतोस? दात माझे पडलेत.”

“पल्याडचं घड्याळ मागं आहे. सेकंदाचा आठवा हिस्सा.”

त्याने टॉर्च विझवला आणि चष्मा कपाळावर घेतला. “मग लग्नात शेवटचा आपला बसतो, तो ह्याच्यामुळंच का?”

शेवटचा फटका पल्याडचा, ही आमच्याकडची रीत झाली होती. सूट संपली की पेठेतल्या कड्यांवरचा दिवा आधी लागतो आणि ती माणसं घाबरून हात खाली टाकतात. आमची कडी तेव्हा आणखी आठवा हिस्सा झोपलेली असतात. समोरच्याच्या दिव्यावर नजर ठेवायची, हात आधीच हवेत असला पाहिजे, आणि दिवा लागला की उतरवायचा. उलट फटका येत नाही. असं का होतं हे कुणाला माहीत नव्हतं. पल्याडला वाटायचं, देवाची कृपा. पोती टांगून सराव चालायचा.

“त्याच्यामुळंच,” मी म्हणालो.

“मग राहू दे तसंच.”

“दादा, त्यापायी बाजारात बारा महिने मार खातो आपण. आणि तुला तिसरा लागला तर?”

“बाजार रोजचाच आहे, हंब्या. लग्न एकदाच असतं.” त्याने चष्मा खाली ओढला. “घड्याळाला हात लावू नकोस.”

मी लावला नाही. मॅडमना विनंती मात्र चालूच ठेवली. दादाला आत जाताना बघायचं नव्हतं.

मेंदीच्या दिवशी शरू दोन्ही हात पसरून बसली होती. दादा तिला पोहे भरवत होता.

“लग्नात हात उचलायचा नाही,” ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली. “दोन झालेत तुझे.”

“सुटीतलं मोजत नाहीत.”

“सुटीतसुद्धा नाही.”

“एकच. शेवटचा.”

“मला त्या घरात राहायचंय, दादा.”

“म्हणून तर एकच,” दादा म्हणाला आणि तिला पाणी पाजलं.

मंडप पल्याडलाच होता. दवाखान्याची गाडी आचाऱ्याच्या मागे उभी होती. हल्ली ती हॉलच्या भाड्यातच धरतात. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी हेल्मेटचा पट्टा आवळला. पेठेतली मंडळी डावीकडे, आम्ही उजवीकडे, आणि मधल्या वाटेत मामा आणि दादा समोरासमोर, एकमेकांकडे बघून हसत उभे. दादाच्या हसण्यात दोन दातांची फट दिसत होती. मामा तिच्याकडे आपण बांधलेल्या घराकडे बघावं तसा बघत होता.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि रणदिवे मॅडम माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पैठणी, हातात फोन, चेहऱ्यावर आनंद.

“भोइटे, आहेर आणलाय.”

“कशाला मॅडम.”

“पाकीट नाही हो. तुमची ती दुरुस्ती. मंजूर केली. बरोबर मुहूर्ताला लागेल अशी ठेवलीय. शुभ काम मुहूर्तावर करावं.”

माझ्या हातातल्या अक्षता सांडल्या. “हळूहळू लावलीत ना?”

इथे पुन्हा थोडं सांगायला हवं. मागे पडलेलं घड्याळ दोन तऱ्हांनी बरोबर करतात. एक, ते किंचित जलद चालवायचं. दिवसभरात ते आपोआप जुळतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसरी, उडी. काटे उचलून पुढे ठेवायचे. त्या उडीत मधला वेळ घडतच नाही.

“हळूहळू कसं लावणार?” मॅडम म्हणाल्या. “मुहूर्त एकच क्षण असतो.”

“मॅडम, थांबवा. आत्ता.”

“दिलेला आहेर परत घेतात का?”

मी दादाकडे धावलो. मध्ये आत्या, काकू, व्हिडिओवाला, बँडवाला, वाजंत्री टिपेला. मी ओरडत होतो, दादा, घड्याळ बरोबर झालंय. त्याला एक अक्षर ऐकू गेलं नाही. त्याने मला हात हलवताना पाहिलं आणि अंगठा वर केला. त्याला वाटलं, मी जोर देतोय.

गुरुजींनी काच वर केली. सावधान.

इथून पुढचं झालं नाही, तरी सांगतो.

अक्षता उडाल्या आणि त्यांच्या मागोमाग माणसं. पेठेतल्या एका काकांनी आमच्या आचाऱ्याचं डोकं पोटात घेतलं. दोन विहिणी एकमेकींचे अंबाडे धरून गोल फिरल्या. व्हिडिओवाल्याने कॅमेरा न थांबवता एकाला लाथ घातली. ती पुढे अल्बममध्ये फार छान आली. मामाने दादाच्या बरगड्यांत, जुन्याच जागी, एक, दोन, तीन गुद्दे घातले. दादाने एकही परतवला नाही. रक्त थुंकून तो सरळ झाला आणि उजवा हात खांद्याच्या मागे नेऊन थांबला. नजर मामाच्या कड्यावर. स्वतःच्या कड्याकडे त्याने बघितलंच नाही. पल्याडला कुणी बघत नाही.

मामाच्या कड्यावर दिवा लागला. मामाने हात खाली टाकले.

दादाच्या कड्यावरही दिवा लागला होता. त्याच क्षणी, बरोबर, जसा लागायला हवा तसा. चार वर्षांत पहिल्यांदा पल्याडचं घड्याळ खरं होतं.

दादाचा हात उतरला. ओली फळी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. मामा बसल्यासारखा खाली गेला, मग आडवा झाला. त्याचा जबडा कानाकडे सरकलेला दिसत होता.

दादा लाल झाला. तिसऱ्यांदा. त्याने कड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागाने नाही. वेल्डिंगचा जोड का सुटला हे बघावं तसं.

वाजंत्री थांबली. मामाच्या कड्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि मामा बेशुद्ध होता. पेठेतले चार भाऊबंद बाह्या सारत पुढे आले. ओजस मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत जागच्या जागी उभा होता. कुणीतरी त्याला ढकललं, “अरे, तुझा मामा आहे, ठेव बोट.”

त्याच्या आधी मेंदीचं बोट कड्यावर टेकलं.

“मी ठेवलं,” शरू म्हणाली.

“तू कोण?” पेठेतला एकजण म्हणाला.

“त्यांची भाचेसून. अक्षता पडल्यात.”

लग्नाची नोंद मुहूर्तालाच आपोआप होते. कड्याने क्षणभर तपासलं आणि मिनिट तिला दिलं. पेठेतल्यांना मागे सरावं लागलं.

ती दादासमोर उभी राहिली. हात वर केला आणि तो वरच राहिला.

“मार,” दादा हळू आवाजात म्हणाला. “हलका नको. हलका लागला तर त्या चौघांना जाईल.”

तिने एक थप्पड मारली. कडं पिवळं झालं; इशारा.

“जोरात, शरू. बांगड्यांनी मार.”

मग तिने मारलं. हिरवा चुडा भरलेल्या दोन्ही हातांनी, एकापाठोपाठ एक, तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. बांगड्या फुटत गेल्या. नाक मोडल्याचं सगळ्यांना कळलं. ती रडत होती आणि मोजून मारत होती, आणि दादा, हात खाली सोडून, दर फटक्याला तिला सांगत होता, “असंच. बास, थोडंच राहिलं. डावा पण चालव.” आमच्या अख्ख्या घरात इतकं शहाणं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती पडू नये म्हणून ओजस तिच्या शेल्याची गाठ धरून मागे उभा होता.

मिनिट संपलं. तिच्या हातांत काचा होत्या. दादाने बाहीने तोंड पुसलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पोलिसांच्या गाडीत स्वतः चढून बसला.

जेवणं झाली. मठ्ठ्याबद्दल मी खरं बोललो होतो.

पुढे न्यायाधिकरणात मी सगळं मांडलं. आधीचे दोन लाल चुकीच्या घड्याळावरचे होते, हे त्यांनी मान्य केलं. पण दुरुस्तीला पूर्वलक्षी प्रभाव नसतो. म्हणजे दोन खोटे लाल कायम, आणि तिसरा तर खराच. मॅडमना पुरस्कार मिळाला. पल्याडचे लाल निम्म्यावर आले आहेत. आमची माणसं आता हात मोकळे सोडून भाजी आणतात, आणि लग्नात शेवटचा फटका गेला म्हणून पुलावर भेटली की मला ओळख देत नाहीत.

परवा दादाला भेटलो. नाक डावीकडे वळलंय.

“शरू?”

“बरी आहे. हात दुखतो म्हणते.”

“चुडा?”

“नवीन भरला.”

“मामा?”

“पेज पितो. नळीने. शरूच पाजते.”

दादा बराच वेळ हसला. मग म्हणाला, “हंब्या, माझा हात उशिरा नव्हता रे गेला.”

“नव्हता, दादा.”

तिथून मी सरळ कचेरीत आलो आणि हे लिहिलं:

मा. काळाधिकारी, भोकरखेड यांस,

विषय: पल्याड विभागाचा सेकंदाचा आठवा हिस्सा परत मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझी बहीण चि. सौ. कां. शर्वाणी हिच्या विवाहमुहूर्ती आपल्या कार्यालयाकडून पल्याड विभागाचे घड्याळ पुढे घेण्यात आले. त्या वेळी सेकंदाचा आठवा हिस्सा वापरात न येता शिल्लक राहिला असून तो अद्याप कोणासही वाटप झालेला नाही. सदर हिस्सा माझे बंधू श्री. संताजी भोइटे यांच्या नावे होता. तरी तो त्याच दिवशी, त्याच मंडपात, सूट संपण्याच्या लगत आधी, मूळ जागी बसवून मिळावा. तो वेळेत बसवणे शक्य नसल्यास, उशिरा बसवला तरी आमची हरकत नाही.